पुढून सगळेच साहेब: ब्रिटिश कॅव्हलरी ऑफिसरांचे जुने बॅज जमवायचे असतील तर

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा, बॅज हातात आला की आधी उलटा करायचा. पुढून सगळेच साहेब दिसतात, खरा कोण आणि सोंग कोण हे पाठीवरून कळतं. मी हे उशिरा शिकलो आणि पैसे घालवून शिकलो, ते पुढे सांगतोच.

आधी काय काय जमवता येतं ते बघू. ब्रिटिश घोडदळातल्या ऑफिसरच्या अंगावर डोक्यापासून मांडीपर्यंत काही ना काही चमकत असायचं. हेल्मेटवरची प्लेट, लान्सर म्हणजे भालाईत घोडेस्वार असेल तर लान्स कॅपवरची किरणांची मोठी प्लेट, कॉलरवरच्या बॅजची जोडी, खांद्यावरचे क्राऊन आणि स्टार, बटणं, छातीवरून तिरका जाणारा पट्टा आणि पाठीमागे त्याला लटकलेला पाऊच, शिवाय तलवारीच्या पट्ट्यापासून लोंबणारी सेबरटॅश म्हणजे जरीकाम केलेली चपटी पिशवी. शिपायाला हे सामान सरकारकडून मिळायचं, एकसारखं, घाऊक. ऑफिसर मात्र आपल्या खिशातून आपल्या टेलरकडे करून घ्यायचा. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी इथेच आहे कारण एकाच रेजिमेंटचे एकाच काळातले दोन खरे बॅज दोन टेलरांकडून आले म्हणून थोडे वेगळे असू शकतात, त्यामुळे 'फोटोतल्यासारखा दिसत नाही म्हणजे नकली' हा नियम इथे चालत नाही आणि 'फोटोतल्यासारखा दिसतो म्हणजे खरा' हा तर त्याहून चालत नाही.

सुरुवातीला सगळंच घ्यावंसं वाटतं, तो मोह आवरा. एक रेजिमेंट धरा, नाहीतर एक प्रकार धरा, म्हणजे नुसती कॉलरची जोडी किंवा नुसती बटणं. बटणं काही पौंडांत मिळतात, कॉलर बॅजची बरी जोडी दहाच्या पटीतल्या पौंडांत, चांदीच्या झाकणाचा पाऊच शेकड्यात जातो आणि अख्खी लान्स कॅप हजारांत. क्रायमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला २५ ऑक्टोबर १८५४ ला लाइट ब्रिगेडमध्ये ज्या पाच रेजिमेंट दौडल्या त्यांच्या मागे सगळं जग लागलेलं असतं, ४ थी आणि १३ वी लाइट ड्रॅगून्स, ८ वी आणि ११ वी हुसार्स आणि १७ वी लान्सर्स (ड्रॅगून्स, हुसार्स, लान्सर्स ही घोडदळाच्या रेजिमेंटांची प्रकारवार नावं), त्यामुळे त्यांच्या किमती चढ्या आणि नकलाही त्यांच्याच जास्त. शिकाऊ माणसाने तिकडे आधी जाऊ नये. आणि अर्थात मी आधी तिकडेच गेलो.

आता वय कसं ओळखायचं. पहिली खूण मुकुट. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला मुकुट वेगळा, १९०१ मध्ये सातवा एडवर्ड आल्यावर ट्यूडर मुकुट आला ज्याला कलेक्टर लोक किंग्ज क्राऊन म्हणतात, त्याच्या वरच्या कमानी गोल उचललेल्या, मधे खळगा नाही. मग दुसऱ्या एलिझाबेथच्या वेळी, १९५३ च्या आसपास, सेंट एडवर्ड मुकुट आला, त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. म्हणजे इतकी वर्षं हिशोब सोपा होता, गोल मुकुट दिसला की १९०१ ते १९५३. पण तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुटच निवडला, त्यामुळे आता काल कारखान्यातून निघालेल्या बॅजवरही गोल मुकुट असतो. तो थोडा मळवून, थोडा घासून 'एडवर्डियन' म्हणून विकायला कुणाला किती वेळ लागणार!

दुसरी खूण नाव आणि नंबर, आणि इथे माझ्या मते पुस्तकी अभ्यासाचे पैसे सर्वात लवकर वसूल होतात. ४ थी आणि १३ वी या बालाक्लाव्हाला लाइट ड्रॅगून्स होत्या, त्या हुसार्स झाल्या १८६१ मध्ये. म्हणून कुणी 'बालाक्लाव्हाला वापरलेला १३ व्या हुसार्सचा ऑफिसर कॅप बॅज' दाखवला तर एकाच वाक्यात दोन चुका आहेत, तेव्हा ते हुसार्स नव्हते, आणि ज्याला आपण धातूचा कॅप बॅज म्हणतो तो सर्रास झाला १८९० च्या दशकाच्या शेवटी. तसंच १९२२. त्या वर्षी खर्च कमी करायला कॅव्हलरीच्या रेजिमेंट जोडून टाकल्या, १३/१८, १४/२०, १५/१९, १६/५, १७/२१ असे जोडनंबर तेव्हापासून दिसतात. जोडनंबर आणि व्हिक्टोरियाचा मुकुट एकाच तुकड्यावर दिसले तर नमस्कार करून पुढच्या टेबलावर जायचं. १४ व्या हुसार्सचा प्रशियन गरुड ही आणखी एक मजा, जर्मनीशी लढाई चालू असताना टोपीवर जर्मन गरुड बरा दिसत नाही म्हणून १९१५ मध्ये तो काढला आणि १९३१ मध्ये परत दिला, त्यामुळे मधल्या काळातल्या ऑफिसरच्या नावाने गरुड विकायला आला तर जरा प्रश्न विचारा.

रँकचे स्टार आणि क्राऊन घेताना १९०२ हे साल पाठ करा. त्याआधी सेकंड लेफ्टनंटच्या खांद्यावर काहीच नसायचं, लेफ्टनंटला एक स्टार, कॅप्टनला दोन. १९०२ पासून एक, दोन, तीन. म्हणजे दोन स्टारचा व्हिक्टोरियन ट्युनिक कॅप्टनचा असतो आणि विकणारा बिचारा तो लेफ्टनंटचा म्हणून स्वस्तात देतो, असं क्वचित होतं पण होतं. त्याच्याही मागे गेलात तर १८५५ ते १८८० रँक कॉलरवर असायची, खांद्यावर नाही, आणि हिशोबही निराळा, कॉर्नेटला म्हणजे घोडदळातल्या सर्वात कनिष्ठ ऑफिसरला स्टार, लेफ्टनंटला क्राऊन, कॅप्टनला दोन्ही. मेजरपासून वर पुन्हा तोच क्रम सुरू व्हायचा, फक्त कॉलरवर लेस जास्त, म्हणून सुटा स्टार हातात घेऊन हा कॉर्नेटचा की मेजरचा ते कुणी छातीठोक सांगायला लागलं तर ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

आता पाठ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

जुने बहुतेक बॅज पत्र्यावर ठसा ठोकून केलेले असतात. म्हणजे पुढे जिथे उंचवटा, मागे तिथे खळगा, पाठ म्हणजे पुढच्या चित्राचा उलटा साचाच. ऑफिसरच्या तुकड्यात यावर आणखी हातकाम असतं, मधल्या मोकळ्या जागा बारीक करवतीने कापून काढलेल्या, भिंगाखाली धरलं तर करवतीचे आणि कानशीचे बारीक ओरखडे कडेला दिसतात. बरेचदा एक तुकडा नसतोच, खाली चांदीचा स्टार, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला गार्टर म्हणजे बक्कलवाल्या पट्ट्याचा गोल, मधे इनॅमल, असे थर एकमेकांवर बसवलेले आणि मागून तारेने किंवा छोट्या नटाने आवळलेले. शिपायाचा बॅज एका ठोक्यात निघालेला, आणि कापडात खुपसायला मागे चपटी उभी पट्टी, तिला स्लायडर म्हणतात. ऑफिसरच्या बॅजला सहसा दोन कड्या असतात ज्यात पिन अडकवायची, किंवा दोन मऊ पाती जी कापडातून घालून मागे दुमडायची. सहसा म्हणतोय, नेहमी नाही.

नकला दोन जातीच्या. एक ओतीव. खऱ्या बॅजचा साचा घेऊन त्यात धातू ओततात, थंड होताना धातू आकसतो म्हणून नक्कल मूळ बॅजपेक्षा किंचित लहान निघते, कडा बोथट, अक्षरांच्या पोटात धातूचे दाणे साचलेले, आणि पाठीवर वाळूसारखा खरबरीतपणा किंवा बुडबुड्यांची सूक्ष्म भोकं. यासाठी व्हर्नियर कॅलिपर जवळ ठेवा, स्वस्तातला प्लास्टिकचा चालतो, धातूला ओरखडाही पडत नाही. पण जरा थांबा, ऑफिसरांसाठी चांदीचे ओतीव बॅज खरोखर बनत होते, त्यामुळे ओतीव दिसला की लगेच नाक मुरडू नका, त्याचं फिनिशिंग बघा, हॉलमार्क बघा. दुसरी जात जास्त वाईट, जुने खरे ठसे वापरून कित्येक वर्षांनी पुन्हा ठोकलेले. तिथे पुढचं चित्र अस्सलच असतं ना, ठसाच अस्सल! तिथे धातूचा रंग, पत्र्याची जाडी, कड्या जोडताना दिलेलं सोल्डर असल्या गोष्टी बघाव्या लागतात. कड्यांच्या बुडाशी सोल्डर चकचकीत पांढरं आणि ढिसाळ पसरलेलं असेल आणि बाकीची पाठ मात्र शंभर वर्षांची काळपट असेल तर काहीतरी गडबड आहे, निदान कड्या तरी नंतर बसवल्यात. मेकरचं नाव मागे आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, नाव ठोकायला काय लागतं.

माझी फजिती इथलीच. १७ व्या लान्सर्सचं चिन्ह म्हणजे कवटी आणि दोन हाडं, खाली पट्टीवर 'ऑर ग्लोरी', कवटी म्हणजे मरण आणि पट्टी म्हणजे कीर्ती असं मिळून 'डेथ ऑर ग्लोरी' वाचायचं. १७५९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकला ब्रिटिश जनरल वुल्फ लढाईत पडला आणि ती बातमी घेऊन आलेल्या जॉन हेलने त्याच वर्षी ही रेजिमेंट उभारली. कुणाला आवडणार नाही सांगा! मला एका मेळ्यात एका टेबलावर असा 'ऑफिसरचा चांदीचा' कवटीवाला दिसला, डीलर गोड बोलणारा, मागे उभं राहिलेलं गिऱ्हाईक पण 'तुम्ही नाही घेतलात तर मी घेतो' म्हणत होतं, आणि मी घेतला. घरी आल्यावर दिव्याखाली धरला तर दातांच्या मधल्या रेघा भरून आलेल्या, डोळ्यांच्या खोबणी आत दाणेदार, आणि पाठीवर बरोबर मधोमध टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं. हॉलमार्क म्हणून जे होतं ते हॉलमार्कचा फोटो धूसर झाल्यासारखं, कारण तेही साच्यातूनच आलेलं, वेगळं ठोकलेलं नव्हतंच. खरा हॉलमार्क पंचने ठोकतात, त्याची कड तीक्ष्ण असते, हे मला माहीत होतं बरं का, वाचलेलं होतं, पण टेबलावर उलटा करून नीट बघितलाच नाही. त्यातून हा बॅज निवडणं म्हणजे दुहेरी मूर्खपणा, कारण कवटीच्या बॅजवर मुकुटच नाही, आणि १९२२ नंतर १७/२१ लान्सर्सनेही तीच कवटी चालू ठेवली, आजच्या रॉयल लान्सर्सपर्यंत ती आलेली आहे. म्हणजे मुकुटावरून वय काढायची सोय नाही, उरते ती पाठ. तो बॅज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नवीन कुणी विचारायला आलं की आधी तोच हातात देतो.

ब्रॉन्झचे बॅज स्वस्त म्हणून सुरुवातीला बरे. १९०२ मध्ये खाकी सर्व्हिस ड्रेस आला आणि त्यावर चमक नको म्हणून ऑफिसरांना तपकिरी ब्रॉन्झ केलेले बॅज आले, कलेक्टर त्यांना ओएसडी म्हणजे ऑफिसर्स सर्व्हिस ड्रेस म्हणतात. त्यामुळे ओएसडी म्हणून विकायला ठेवलेल्या बॅजवर व्हिक्टोरियाचा मुकुट असेल तर भुवया वर जायला हव्यात. खऱ्या वापरलेल्या ब्रॉन्झवर नाक, मुकुटाचं टोक, पंखांची कड अशा जिथे हात आणि ब्रश लागतो तिथे आतला पिवळा धातू डोकावतो आणि खोलगट भागात रंग गडद राहतो. उलट खोलगट भागात पिवळं आणि वर सगळीकडे एकसारखा चॉकलेटी थर असेल तर तो रंग आहे, ब्रॉन्झ नाही. आणि कृपा करून पॉलिश करू नका. एकदा पितळ चमकवलंत की तो शिपायाचाही राहत नाही आणि ऑफिसरचाही.

चांदीवरचा हॉलमार्क हा तर आयता जन्मदाखला. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि एक अक्षर असतं ते वर्षाचं, अक्षराचा साचा आणि भोवतीच्या चौकटीचा आकार तक्त्याशी ताडून बघितला की साल मिळतं. व्हिक्टोरिया राणीचं डोकं ठोकलेलं असेल तर तो करभरणाचा शिक्का, आणि तो कर १८९० मध्ये बंद झाला, म्हणजे तुकडा १८९० किंवा त्याआधीचा. पाऊचच्या झाकणावर हे सगळं बहुधा कडेला ओळीत सापडतं, झाकण उघडून आतलं चामडं आणि बिजागरीही बघून घ्या. सगळं साल जुळतंय, फक्त मधला सोनेरी व्हीआर म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना (राणी) असा मोनोग्राम किंचित वाकडा बसलाय आणि त्याच्या आजूबाजूला चांदीवर दुसऱ्याच आकाराची फिकट सावली दिसतेय, असं असेल तर मोनोग्राम नंतर बदललेला आहे, दोन अर्ध्या पाऊचचा एक पूर्ण पाऊच केलेला आहे.

एक सापळा कॅव्हलरीत हमखास भेटतो. इथे सार्जंट लोक बाहीवर तीन पट्ट्यांच्या वर रेजिमेंटचं चिन्ह लावायचे, आणि ते बऱ्याच रेजिमेंटमध्ये चांदीचं, हॉलमार्क असलेलं असायचं. म्हणून 'हॉलमार्क आहे म्हणजे ऑफिसरचाच' हे गणित इथे चुकतं. बाहीचा बॅज साधारण मोठा असतो आणि दंडावर बसावा म्हणून किंचित बाक दिलेला असतो, टेबलावर पालथा ठेवला की डुगडुगतो. हे बॅज स्वतः छान असतात, मी आनंदाने घेतो, पण सार्जंटच्या किमतीला. जाहिरातीत 'ऑफिसर क्वालिटी' असे शब्द असतील तर त्याचा अर्थ एवढाच की ऑफिसरचा आहे असं म्हणायची विकणाऱ्याची हिंमत झालेली नाही.

सोन्याच्या मुलाम्याचंही थोडं बघून ठेवा. जुनी पद्धत पाऱ्याची, सोनं पाऱ्यात मिसळून लावायचं आणि आचेवर पारा उडवायचा, कारागिरांच्या फुप्फुसांचं आणि डोक्याचं जे व्हायचं ते व्हायचं. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि हळूहळू ते स्वस्त तंत्र पसरलं. पाऱ्याचा मुलामा जाड, उबदार, जरा मंद पिवळा असतो, दोनचार खरे तुकडे हातात घेतले की डोळ्यांना फरक कळतो, लिहून नाही सांगता येत.

जरीच्या कामाबद्दल थोडक्यात. सेबरटॅश १९०१ मध्ये ऑफिसरांच्या पोशाखातून गेली त्यामुळे जी आहे ती जुनीच, निदान असायला हवी. तिच्यावर लढायांची नावं भरतकामात असतात, ती मोजा. १७ व्या लान्सर्सच्या कामावर 'साउथ आफ्रिका १८७९' असेल, म्हणजे उलुंदीच्या झुलू लढाईचा मान, तर ती त्याआधीची असूच शकत नाही, कुणी क्रायमियाची म्हणून सांगितली तरी. जरीची तार काळी पडते, पडू द्या. घासलीत तर तार तुटते आणि आतला दोरा बाहेर येतो.

कुठून घ्यायचं? लंडनमध्ये पोर्टोबेलो रोडला शनिवारी जा, मिलिटरी मेळ्यांना जा, ऑक्शनच्या आधी माल बघायचा दिवस ठेवतात तेव्हा नुसतं बघायला जा. तिथे फुकट शंभर तुकडे हातात घेता येतात, हाच खरा क्लास. ऑक्शनमध्ये हातोड्याची किंमत म्हणजे शेवटची किंमत नव्हे. समजा २०० पौंडांना सुटलं आणि बायर्स प्रीमियम म्हणजे ऑक्शनवाले घेणाऱ्याकडून वर घेतात तो आकार २४ टक्के आहे, तर ४८ पौंड ते, त्या ४८ वर २० टक्के व्हॅट म्हणजे ९.६०, झाले २५७.६०, वर पोस्टेज. बोली लावायच्या आधी हे उलटं मोजून आपली मर्यादा कागदावर लिहा. ऑनलाइन घेताना पाठीचा फोटो मागा, स्पष्ट, दिवसाच्या उजेडातला, आणि कडेचाही. 'पाठ नॉर्मल आहे' असं उत्तर आलं तर घेऊ नका. मी हे अनेकांना सांगतो आणि अनेक जण तरी घेतात.

तुकड्याबरोबर नाव मिळालं तर सोनं. ट्युनिकच्या आतल्या खिशात टेलरचं लेबल असतं आणि त्यावर कधी शाईने ऑफिसरचं नाव आणि तारीख, हेल्मेटच्या पत्र्याच्या डब्यावर पितळी पट्टी असते. नाव मिळालं की लंडन गॅझेट म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र बघा, नेमणुका आणि बढत्या तिथे छापून यायच्या आणि ते ऑनलाइन फुकट आहे. आर्मी लिस्ट म्हणजे ऑफिसरांच्या छापील याद्या स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने स्कॅन करून ठेवल्यात. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मेडलांच्या याद्या आहेत. खरे तुकडे काचेमागे बघायचे तर चेल्सीचं नॅशनल आर्मी म्युझियम, हॉर्स गार्ड्सचं हाउसहोल्ड कॅव्हलरी म्युझियम, विंचेस्टरचं हॉर्सपॉवर नावाचं म्युझियम, एडिंबरा किल्ल्यातलं स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सचं. शेवटच्या ठिकाणी वॉटर्लूला सार्जंट युअर्टने फ्रेंचांच्या ४५ व्या रेजिमेंटकडून हिसकावलेला गरुड, म्हणजे ध्वजकाठीवरचं धातूचं मानचिन्ह, प्रत्यक्ष आहे, आणि युअर्टच्या रेजिमेंटच्या म्हणजे स्कॉट्स ग्रेजच्या बॅजवरचा गरुड तोच. तो बघून आल्यावर बॅजवरच्या गरुडाची मान नीट वळलीय की नाही हे आपोआप कळायला लागतं.

ठेवायचं कसं हे एका दमात सांगतो, चांदी लोकरी कापडावर किंवा फेल्टवर ठेवू नका कारण त्यातला गंधक तिला काळी करतो, ओक लाकडाच्या पेटीतही नको, पीव्हीसीच्या पाकिटात नको, आम्लमुक्त टिश्यूत गुंडाळा, हातमोजे घाला, चांदीला मऊ कापडाने पुसणं पुरे, डिपमध्ये म्हणजे चांदी साफ करायच्या द्रावात बुडवलंत तर खोलगट भागातली सावली जाते आणि सगळं भांड्यांच्या दुकानासारखं दिसतं. कापडाला कसर लागलीय अशी शंका असेल तर पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

माझं सध्या काय चाललंय सांगू? १९ वी हुसार्स. यांच्या कॉलरवर हत्ती असतो आणि वर 'असाये' लिहिलेलं, म्हणजे आपली असई, जालन्याकडची, १८०३ ची लढाई, जिथे ब्रिटिश जनरल वेलस्लीसमोर शिंदे आणि भोसले उभे होते. तिथे लढलेली १९ वी लाइट ड्रॅगून्स, तो मान पुढे याच नंबरच्या हुसार्सकडे आला आणि मराठी मुलखातलं एक गाव ब्रिटिश ऑफिसरांच्या गळ्याशी जाऊन बसलं. मी पाच महिन्यांपूर्वी एक हत्ती घेतला, ब्रॉन्झचा, पाती मागे दुमडून पुन्हा सरळ केलेली, सोंडेच्या टोकाला पिवळं उघडं पडलेलं, अगदी हवा तसा. कॉलरचे बॅज जोडीने समोरासमोर तोंड करून असतात, दोन्ही एकाच दिशेला बघत असतील तर ती जोडी नाही, दोन वेगळ्या ऑफिसरांचे अनाथ आहेत. माझा उजवीकडे बघतो. डावीकडे बघणारा अजून मिळालेला नाही, गेल्या महिन्यात एक दिसला होता, उलटा केला आणि परत ठेवला.